सेफ्टी शूजने खरवडलेली दारं : गाडीतलं प्लॅस्टिक घरी रंगवायला किती खर्च येतो?

तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारी गाडी ओळखायची असेल, तर दार उघडून खाली बघावं. दाराच्या पॅडचा पायाशी येणारा भाग पांढुरक्या ओरखड्यांनी भरलेला असतो आणि आत चढताना पाय लागतो त्या प्लॅस्टिकच्या उंबऱ्याचा मूळ रंगच गेलेला असतो. लोखंडी टोपीचा बूट, एका गाडीत चार जण, जाताना-येताना आठ पाय. वर्षभरात एवढं होतंच. डहाणू-घोलवडकडे चिकूचे क्रेट वाहणाऱ्या गाड्यांच्या डिकीचीही हीच गत.

यावर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे धावण्याआधी वीस मिनिटं आणि वीस रुपये खर्च करा. भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब कोमट पाण्यात टाका, जुन्या टूथब्रशने तो भाग घासा आणि पुसून सुकू द्या. मग रेषेवरून नख फिरवा. नख अडकलं नाही, तर ती बहुधा बुटाच्या रबराची रेघ असते. रबर प्लॅस्टिकवर चिकटलेलं असतं, प्लॅस्टिक कापलेलं नसतं. मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून अगदी हलक्या हाताने फिरवला की ती निघते. जोर दिला तर मात्र प्लॅस्टिकवरचा चामड्यासारखा दाणा गुळगुळीत होतो आणि तिथे कायमचा चमकदार डाग राहतो. काळ्या प्लॅस्टिकवर दाब बसून आलेला पांढरेपणा केसांच्या ड्रायरची ऊब दिल्यावर बराच उतरतो. माझ्या मते निम्म्या गाड्यांचं काम इथेच संपतं.

नख अडकलं, तर रंगाचा विचार करा. पण त्याआधी तो तुकडा कशाचा आहे ते बघा. पॅड काढल्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली दिसतात : ‘पीपी’, ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’पुढे ‘टी २०’, म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन. बोईसरला प्लॅस्टिकच्या मोल्डिंगवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पीपीवर काहीही चिकटत नाही हे तो लगेच सांगेल. त्याचा पृष्ठभागच असा असतो की रंग त्याला धरत नाही. एबीएसवर साधा प्लॅस्टिक प्रायमर चालतो. पीपीला मात्र आधी अ‍ॅडहिजन प्रमोटरचा पातळ हात लागतो आणि सगळा खर्च इथेच ठरतो.

हे मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या खेपेला दुकानदार म्हणाला, “सगळ्यावर चालतो, मारा बिनधास्त,” आणि मी अडीचशे रुपयांचा काळा स्प्रे थेट पीपीवर मारला. दोन दिवस पॅड नव्यासारखं दिसलं. तिसऱ्या दिवशी बॅगेचा बंद घासला आणि दुधावरची साय निघावी तसा रंगाचा पापुद्रा हातात आला. उरलेला रंग खरवडून काढण्यात एक अख्खा रविवार गेला.

आता खर्च. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची अर्ध्या लिटरची बाटली दीडशे ते अडीचशे रुपये. ६०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर, दोन-दोन ताव मिळून ऐंशीच्या आसपास. मास्किंग टेप पन्नास. पॅड उचकटायच्या प्लॅस्टिक पट्ट्यांचा संच दोनशे. स्क्रू ड्रायव्हर घातलात तर नवा ओरखडा ठरलेला. पॅडच्या क्लिपा दहा-बारा जास्तीच्या आणा, शंभर रुपये. जुन्या क्लिपा काढताना तुटतातच. प्रमोटरचा डबा चारशे ते आठशे. मॅट काळ्या रंगाचे दोन डबे पाचशे ते सातशे. चार दारांचे खालचे भाग आणि गिअरभोवतीचा तुकडा त्यात आरामात होतो. बेरीज पंधराशे ते बावीसशे. ब्रँड आणि दुकान बदललं की आकडा हलेल, पण सहाशे रुपयांत सगळं होतं असं कुणी सांगितलं, तर त्याने प्रमोटर धरलेला नाही असं समजा.

याशिवाय मास्क, आणि त्यात काटकसर करू नका. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क फार तर रंगाची धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. केमिकल कंपन्यांच्या या पट्ट्यात सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मागून मिळतो, चारशेच्या पुढे. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर कोट मी घरी वापरू नका असंच सांगेन. त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमची अ‍ॅलर्जी लावू शकतं.

आपल्याकडे हवा हा खर्चाचाच भाग आहे. केळवे, सातपाटी, तारापूरच्या बाजूला समुद्राचा दमटपणा बारा महिने असतो आणि जून ते सप्टेंबर तर हे काम काढूच नये. ओल्या हवेत रंगाचं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर पाणी धरतं आणि काळा रंग धुरकट पांढरा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. त्यातही सकाळचं दव उतरल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान स्प्रे मारा. जागा उघडी हवी, पण वाऱ्याची नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडालेला रंग शेजारच्या स्कूटरवर बसतो. फ्रिजचा मोठा खोका आडवा ठेवून तुकडा त्यात रंगवला, तर तो प्रश्न मिटतो. जवळ गॅस, बिडी-सिगारेट किंवा देवाचा दिवा नको.

खरं काम स्प्रेच्या आधीचं आहे. गाडी चमकावायला वर्षानुवर्षं मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि ते दाण्याच्या खाचांत बसून राहतं. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. म्हणून साबणाने दोनदा धुवा, सुकवा, अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, फडकं बदला आणि पुन्हा पुसा. मग पाण्याचा शिपका मारून बघा. पाणी थेंब-थेंब होऊन गोळा झालं, तर तेलकटपणा अजून असू शकतो. सलग पसरलं, तर पृष्ठभाग तयार आहे. एनसी थिनर वापरू नका, एबीएस त्याने विरघळतं. ओरखड्याच्या उभारलेल्या कडा ६०० नंबरने मोडा आणि सगळीकडे ८०० हलका फिरवा. लांबी भरायचा मोह टाळा; तिथला दाणा परत आणता येत नाही.

डबा दोन मिनिटं हलवून २०-२५ सेंटीमीटरवरून प्रमोटरचा एकच पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत रंग सुरू करा. ती वेळ उलटली तर प्रमोटर पुन्हा मारावा लागतो. रंगाचे तीन विरळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हातात खालचं प्लॅस्टिक दिसत राहिलं तरी राहू द्या. एकदम जाड मारलं की ओघळ येतात आणि दाणा बुजतो. आधी पॅडच्या मागच्या बाजूला चाचणी घ्या : दुसऱ्या दिवशी ब्लेडने बारीक चौकटी पाडा, टेप दाबून लावा, झटक्यात ओढा. टेपला रंग आला, तर पुढचं काम थांबवा.

काही भागांना हात लावू नका. स्टीअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डवर किंवा काचेशेजारच्या खांबावर ‘एअरबॅग’ लिहिलेलं झाकण. ते ठरलेल्या जागी फाटायचं असतं आणि रंगाच्या थराने त्यात फरक पडू शकतो. डॅशबोर्डच्या माथ्यावर चमकणारा रंग लावलात, तर दुपारी हायवेवर काचेत प्रतिबिंब पडून समोरचं दिसत नाही. चिकट झालेल्या सॉफ्ट-टच प्लॅस्टिकवर रंग थांबत नाही, तो थर अल्कोहोलने उतरवावा लागतो. आणि दाराचा उंबरा रंगवून उपयोग नाही, महिन्याभरात तो पुन्हा खरवडला जाणार. त्यावर तीनशे ते आठशे रुपयांच्या चिकटवायच्या स्कफ प्लेट लावा.

बाहेर करून घ्यायचं तर पालघर-बोईसरमध्ये मला दारामागे सहाशे ते हजार रुपये सांगितले गेले. दर कुठलाही असो, “पीपीला प्रमोटर मारता का?” हे आधी विचारा, उत्तर घुटमळलं तर गाडी देऊ नका. बेज रंगाचं इंटिरिअर असेल, तर मी घरी करायला सांगणार नाही. डब्यातला बेज मूळ रंगाशी जुळत नाही आणि शेजारी ठेवला की दोन्ही तुकडे जुने दिसतात. अशा वेळी लोकल पकडून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जावं, तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. मात्र मॉडेल, वर्ष आणि पॅडच्या मागचा पार्ट नंबर फोटो काढून न्या. एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटचे स्विच वेगळ्या जागी असतात.

रंगवलेलं पॅड रात्रभर सुकल्यावर बसवा, पण आठवडाभर त्यावर पॉलिश, साबण किंवा ओलं फडकं नको. गाडी उन्हात उभी करताना काचा बोटभर खाली ठेवा, म्हणजे उरलेली वाफ निघून जाते. उरलेला डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा, नोझल तुंबत नाही. झाकणावर तारीख लिहा आणि डबा गाडीत न ठेवता घरात सावलीत ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत तापलेला डबा फुटू शकतो.