डिस्चार्ज बुकात राहून गेलेले पदक

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते. परंतु डिस्चार्ज बुकात केवळ संग्राम मेडलची नोंद आहे. दुरुस्ती होईल का?

उत्तर : अवश्य होऊ शकेल. पूर्व आघाडीवरील सेवेसाठी पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडील सेवेसाठी पश्चिमी स्टार ही सन्मानचिन्हे स्वतंत्र असल्यामुळे, संग्राम मेडल मिळाले म्हणून पूर्वी स्टारवरील हक्क नाहीसा होत नाही. पलटणीचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या सेवेतील घडामोडींची नोंद करणारा आदेश, मूळ दप्तरात चढला नाही, की पदकाची नोंदही खोळंबते. यात कुणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण बहुधा नसते.

आपल्या तीर्थरूपांनी, आर्मी नंबर, हुद्दा, पलटण व त्या काळातील नेमणुकीचा तपशील देऊन, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे स्वतःच्या सहीनिशी अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यास साहाय्य करते. तत्पूर्वी घरातील जुनी ट्रंक एकवार उघडून पाहावी, कारण सरकारी पदकावर सैनिकाचा नंबर व नाव कोरलेले असते आणि असे पदक हाती लागल्यास तो पुरावाच होय; बाजारात विकत मिळणाऱ्या नकलेला ती किंमत नाही. डिस्चार्ज बुकात मात्र स्वहस्ते एक अक्षरही लिहू नये. लेखी नकार आल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते.