छोट्या गाडीचा रस्ता कोणता?

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले इथे गाडी न्यूट्रलवर सोडतात आणि मग ऐन वेळी ब्रेक दगा देतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका मालवाहू गाडीने समोरच्या कितीतरी वाहनांना ठोकरलं होतं.

काही वर्षांपूर्वी याच रस्त्याने मी नात्यातल्या एका काकांच्या दोन दारांच्या, बंदिस्त इलेक्ट्रिक गाडीतून आलो. काका डाव्या कडेने पन्नासच्या आतबाहेर, अगदी नियमाने चालवत होते. पण आरशात मागच्या ट्रकची लोखंडी जाळी सोडून काही दिसेना. डावीकडे खडी, उजवीकडून सुसाट जाणाऱ्या मोटारी. एरवी सतत बोलणारे काका नवले पूल येईपर्यंत गप्प होते. घरी पोहोचल्यावर त्यांनी ठरवून टाकलं, गाडी ठेवायची, पण महामार्गावर न्यायची नाही.

अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा. त्यामागचं कारण सरकारी तक्त्यातच सापडतं. केंद्राने २०१८ मध्ये वेगमर्यादा ठरवल्या, तेव्हा चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा मिळाली आणि क्वाड्रिसायकल म्हणून नोंदलेल्या हलक्या चारचाकीला ६० ची. एक्स्प्रेस-वेच्या रकान्यात तर क्वाड्रिसायकलपुढे आकडाच नाही. म्हणजे एकाच डांबरावर, एकाच वेळी, दोन गाड्यांच्या वेगात ४० किलोमीटरचा फरक कायद्यानेच मान्य केला. धोका आहे तो या फरकात. शहरात मोटारीला ७० आणि क्वाड्रिसायकलला ५०, आणि गर्दीत तर सगळेच तीसच्या आत, तिथे ही छोटी गाडी कुणाच्या वाटेत येत नाही.

पत्र्याचा प्रश्न वेगळाच. युरो एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये चार क्वाड्रिसायकली ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. त्यांत आपली बजाज क्यूटही होती. ती विजेवर चालत नाही, पण वर्ग तोच. तिला पाचपैकी एक तारा मिळाला. चारचाकी आहे, दारं-काचा आहेत, म्हणजे ती मोटारीइतकी सुरक्षित, हा समज मनातून काढून टाका.

इतर देशांनी हे कसं सोडवलं? फ्रान्समध्ये सिट्रोएनची अमी ही दोन आसनी गाडी ताशी ४५ च्या पुढे जात नाही. चौदा वर्षांची मुलंही ती चालवू शकतात, मात्र द्रुतगती मार्गावर तिला मज्जाव आहे. जर्मनीत ताशी ६० पेक्षा जास्त वेगाची क्षमता नसेल तर ऑटोबानवर चढताच येत नाही. अमेरिकेतली पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ताशी २५ मैलांच्या आतल्या छोट्या गाड्यांना अनेक राज्यं ३५ मैलांपर्यंत मर्यादा असलेल्या रस्त्यांवरच सोडतात. तिथे गाडीइतकाच रस्ताही पाहिला जातो. चीनमध्ये म्हाताऱ्या माणसांनी विनानोंदणीच्या बंदिस्त तीनचाकी-चारचाकी गाड्या इतक्या वापरल्या, की १ जानेवारी २०२४ पासून बीजिंगने त्या रस्त्यावर आणायलाच बंदी केली. आधी मोकळीक, मग एकदम बंदी. ज्यांचं दवाखान्यात जाणं-येणं त्या गाडीवर अवलंबून होतं, त्यांनी काय करायचं?

म्हणून घेण्याआधी आरसी बुकात वाहनाचा वर्ग काय लागणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. रोजचा रस्ता एकदा दुचाकीवरून फिरून पाहा. मधे महामार्गाचा तुकडा येत असेल, तर पर्यायी रस्ता सापडेपर्यंत पैसे भरू नका. पेठा, कॅम्प, कोथरूडच्या आतल्या गल्ल्या, मोठ्या सोसायट्या, विद्यापीठाचा परिसर, इथे ती खुशाल फिरवा. फुटपाथ आणि सायकल ट्रॅक मात्र तिचे नव्हेत, जागा कितीही मोकळी दिसली तरी. तिथून चालणाऱ्या आजींच्या दृष्टीने तुमची छोटी गाडी म्हणजे ट्रकच.

आणि नुसती बंदी घालून भागणार नाही. वारजे ते कात्रज पट्ट्यात सेवा रस्ता जागोजाग तुटला, म्हणून आंबेगावच्या माणसाला भाजी आणायलाही महामार्गावर उतरावं लागलं. छोट्या गाड्यांना महामार्गावरून हटवायचं असेल, तर आधी तो सेवा रस्ता सलग हवा. वॉर्डातल्या सभेत नगरसेवकाकडे हीच मागणी करा, नकाशावर तुटलेल्या जागा खुणा करून.