तीन बोटांची पाहणी : विद्यार्थ्यांचा गटप्रकल्प आणि आपले औषधालय

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे आमचा चिकित्सा-व्यवसाय आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या ही या किनाऱ्याची ओळख असून श्रीवर्धनची रोठा सुपारी दूरवरच्या बाजारात नावाने विकली जाते. ज्या गावात सुपारीवर घरे चालतात, तेथे सुपारी चघळण्याच्या दोषांविषयी बोलणे वैद्यालाही अवघड जाते. हे अवघड काम काही वर्षांपूर्वी माध्यमिक शाळेतील पाच विद्यार्थ्यांच्या एका गटाने केले. मार्गदर्शक म्हणून त्यांनी आम्हांस बोलाविले होते, परंतु त्या प्रकल्पातून सर्वांत मोठा धडा आम्हांसच मिळाला. तो वैद्यबंधूंस व औषधालयाच्या मालकांस उपयोगी पडेल, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रकल्पाची चौकट

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद हा उपक्रम केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने १९९३ मध्ये देशपातळीवर सुरू झाला. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी गटाने काम करावे, आपल्याच परिसरातील एक प्रश्न निवडावा, प्रत्यक्ष पाहणी करून नोंदवही ठेवावी आणि निष्कर्ष तज्ज्ञांसमोर आपल्या भाषेत मांडावेत, अशी त्याची मूळ कल्पना आहे. महाराष्ट्रात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने या कार्याच्या संयोजनात मोठा वाटा उचलला. परिषदेत २०१८ व २०१९ या वर्षांसाठी स्वच्छ, हरित व निरोगी राष्ट्र हा मुख्य विषय होता. आरोग्याचा प्रश्न मुलांच्या कक्षेबाहेरचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आमच्याकडील गटाने याच धर्तीवर, परंतु केवळ शाळेत व ग्रामस्थांपुढे मांडण्यासाठी प्रकल्प घेतला. प्रथम त्यांनी 'व्यसनमुक्ती' हा विषय आणला होता. त्यावर घोषवाक्ये लिहिता येतात, पण मोजता काहीच येत नाही. आम्ही त्यांस एवढेच सांगितले, "ज्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे आकड्याने देता येईल, असा प्रश्न विचारा." दोन दिवसांनी ते प्रश्न घेऊन आले : आपल्या आळीत नियमित सुपारी चघळणाऱ्यांचे तोंड न चघळणाऱ्यांपेक्षा कमी उघडते काय?

शास्त्राधार

सुपारी म्हणजे पूगफल. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मुखाची स्वच्छता, रुची व सुगंध यांसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत जातीफल, लवंग, कंकोळ इत्यादींसह पूगाचा उल्लेख आहे. या उल्लेखाचा आधार घेऊन आपण रुग्णाला निर्धास्त करतो. परंतु तोच ग्रंथ सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात कषाय रसाच्या अतियोगाने मुख शुष्क होते, वाणीस अवरोध होतो, स्रोतसे बद्ध होतात व वातविकार उत्पन्न होतात, असे सांगतो. भावप्रकाशात पूग हे गुरु, शीत, रूक्ष व कषाय म्हटले असून ओली सुपारी अभिष्यंदी, अग्नी व दृष्टी यांस घातक, तर शिजविलेली दोषहर असा भेद केला आहे. अष्टांगहृदयात क्षत, रक्तपित्त, रूक्षता, नेत्रप्रकोप, मूर्च्छा, मद व शोष असलेल्यांस तांबूल अपथ्य ठरविले आहे. तात्पर्य, काळ, मात्रा, संस्कार व प्रकृती यांच्या मर्यादेत राहूनच आचार्यांनी हे द्रव्य सांगितले. दिवसभर गालात ठेवलेला कच्चा तुकडा त्या मर्यादेत बसत नाही.

आधुनिक शास्त्राने या विकारास मुखातील अधःश्लेष्मल तंतुमयता असे नाव दिले आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत तो वर्णिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याची येथील रुग्णांत नोंद केली. सुपारीतील अरेकोलीन हा घटक तंतुपेशींस उत्तेजित करतो, टॅनिनमुळे तयार झालेले कोलॅजेन सहजी विरघळत नाही, तर सुपारीतील तांब्यामुळे ते तंतू परस्परांत अधिक घट्ट बांधले जातात. परिणामी गालाची त्वचा पांढुरकी व ताठर होते, तिखट झोंबते, तोंड कोरडे पडते, गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, शिट्टी वाजविता येत नाही आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. यासाठी तंबाखू असलीच पाहिजे असे नाही.

हा केवळ तोंड न उघडण्याचा त्रास नव्हे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा ५ जणांस मुखाचा कर्करोग झाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी स्वतःच मनुष्यास कर्करोगकारक असल्याचे नमूद केले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली आणि पुढे सुगंधित सुपारीही तीत समाविष्ट झाली. वाडीतील साधी सुपारी मात्र कायद्याच्या नव्हे, सवयीच्या ताब्यात आहे.

पाहणीची पद्धत

मुलांनी वापरलेली पद्धत कोणत्याही चिकित्सालयात करता येण्याजोगी आहे, म्हणून ती तपशिलाने देत आहोत.

१) मुख्याध्यापक, पालक व प्रत्येक व्यक्तीची आगाऊ संमती घेतली. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहिला.

२) व्यक्तीने स्वतःची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे उभी एकावर एक धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घालावयाची. बोटे स्वतःची असल्याने मोठ्या-लहान अंगाचा फरक आपोआप जुळतो. तिन्ही गेली तर 'होय', न गेल्यास 'नाही'. प्रौढांत शक्य तेथे पट्टीनेही अंतर मोजले. सुमारे ३५ मिलिमीटरहून कमी आल्यास संशय धरावा.

३) मोजणी एका जोडीने केली आणि सवयींविषयी प्रश्न दुसऱ्या जोडीने नंतर विचारले. सवय आधी कळली तर मोजणारा अभावितपणे आकडा वाकवतो, ही गोष्ट मुलांस एकदा सांगताच पटली.

४) दातदुखी, गालफुगी, जबड्याच्या सांध्याचा त्रास वा अपघात यांची वेगळी नोंद घेतली, कारण यांमुळेही तोंड कमी उघडते. अचानक जबडा आवळला तर धनुर्वाताचा विचार करून ताबडतोब रुग्णालयात पाठवावे, हेही मुलांस बजाविले.

५) मुलांनी कोणाच्याही तोंडात हात घालावयाचा नाही व निदान सांगावयाचे नाही. 'नाही' आल्यास आम्हांस कळवावे आणि आम्ही दंतवैद्याकडे पाठवावे, असे ठरविले.

पाहणीतील आकडे येथे मुद्दाम देत नाही. नमुना लहान होता, आळी एकच होती, आणि अशा आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मुलांनी आपल्या तक्त्यावर हीच गोष्ट ठळकपणे लिहिली होती. अनेक छापील संशोधन-लेखांतही ती आढळत नाही.

आमची चूक

प्रत्यक्ष पाहणीपूर्वी सराव म्हणून पाचही मुलांनी आमच्या दवाखान्याच्या ओटीवर एकमेकांची मोजणी केली. त्यांपैकी एकाची दोनच बोटे आत गेली. दाढ दुखते, असे सांगून त्याने हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. हंगामात घरी सुपारी सोलावयास बसले की आडकित्त्याखालचा एखादा तुकडा तोंडात टाकण्याची सवय त्यास लहानपणापासून होती. त्यात तो स्वतःस व्यसनी समजत नव्हता, आणि घरातील कोणीही तसे समजत नव्हते.

त्याचा जुना केसपेपर आम्ही काढला. वर्षभरापूर्वी तिखट झोंबते म्हणून त्याची आई त्यास आमच्याकडे घेऊन आली होती. कागदावर आमच्या अक्षरात 'मुखदाह, पित्त' एवढेच लिहिलेले होते. औषध दिले होते, पथ्य सांगितले होते. गाल आतून पाहिल्याची नोंद नव्हती, सुपारीचा प्रश्न विचारलेला नव्हता. आणि त्या काळी आमच्या औषधालयाच्या काउंटरवर बडीशेप व सुपारीची बरणी असे. येणारा-जाणारा त्यातील चिमूट उचलीत असे. त्या दिवशी त्या मुलानेही ती उचलली असणार.

ज्या प्रश्नाचे मार्गदर्शन आम्ही करीत होतो, त्याचे उत्तर वर्षभर आमच्याच कपाटात पडून होते.

पालकांस बोलावून त्यास दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविले. विकार प्रारंभिक अवस्थेत असल्याचे तेथे निश्चित झाले. सुपारी बंद करणे, जबड्याचे व्यायाम आणि नियमित तपासणी, असा क्रम सुरू झाला. स्नेहन, गंडूष इत्यादी उपचार आम्ही साहाय्यक म्हणून दिले. त्यांनी कोरडेपणा व दाह यांत आराम पडला, परंतु त्यांनी विकार बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. तयार झालेली तंतुमयता सहसा पूर्ण मागे जात नाही. आजही त्याचे तोंड इतरांइतके उघडत नाही, पण आकुंचन वाढलेले नाही. गटातील इतर चौघांस ही गोष्ट त्या वेळी कोणी सांगितली नाही. त्याची व पालकांची संमती घेऊन, ओळख न देता येथे लिहीत आहोत.

सादरीकरण

शाळेच्या सभागृहात बहुतेक श्रोते बागायतदार होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील पोफळी व माड आडवे झाले होते. नव्याने लावलेली पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. अशा लोकांपुढे सुपारीच्या दोषांचे तक्ते टांगणे सोपे नव्हते. पाहणीची पद्धत समजाविण्याचे काम त्याच मुलाकडे होते आणि ते त्याने न अडखळता केले.

एका वृद्ध बागायतदारांनी विचारले, "मग काय बाळांनो, आम्ही पोफळी तोडायच्या?"

मुलांनी याची तयारी केली होती. पूजेची सुपारी कोणी चघळत नाही. पोफळीवर काळ्या मिरीचे वेल चढविता येतात, सावलीत जायफळ होते, आणि झावळीच्या देठाकडील रुंद भागापासून ताटल्या होतात. एवढे सांगून त्या गटाच्या प्रमुख मुलीने पुढे म्हटले, "यातून सुपारीइतके पैसे मिळतील असे आम्ही म्हणत नाही, आजोबा. आम्ही एवढेच म्हणतो की सोलताना मुलांना तुकडा देऊ नका."

सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. मग त्याच आजोबांनी आपली तीन बोटे तोंडाशी नेली. त्यांच्यामागे अनेकांनी नेली. आमच्या दृष्टीने तो प्रकल्प त्या क्षणी पूर्ण झाला.

आपले कर्तव्य

वैद्यबंधूंनी मुखदाह, अरुची वा तिखट झोंबण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास, मग तो लहान मुलगा का असेना, सुपारीचा प्रश्न नावाने विचारावा. 'व्यसन आहे काय?' असे विचारल्यास उत्तर 'नाही' असेच येते. तीन बोटांची परीक्षा व गालाची आतून पाहणी केसपेपरवर नोंदवावी. संशय आल्यास दंतवैद्याकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. आपल्या शालाक्यतंत्राने मुखरोगांचे पासष्ट प्रकार सांगितले, ते तोंड उघडून पाहिल्याशिवाय सांगितलेले नाहीत.

औषधालयाच्या मालकांनी पाचक, मुखवास व चूर्णे यांतील घटक वाचावेत. पूगपाकासारखा संस्कारित, मात्राबद्ध, ठरावीक रोगासाठी दिलेला कल्प आणि काउंटरवरची सुपारी यांत फरक आहे, तो ग्राहकास समजावून सांगावा. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये बंदी झाली तेव्हाही आपल्यापैकी काहींस ती अन्यायाची वाटली होती. आज तिच्याविषयी कोणास खेद वाटत नाही. सुपारीच्या बाबतीत कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. त्रिकटूसाठी मिरी व अन्य कल्पांसाठी जायफळ शक्य तेथे जवळच्या बागायतदारांकडून घेतल्यास मुलांच्या तक्त्यावरील अपुरे उत्तर थोडे तरी भरून निघेल.

आणि आपल्या गावातील शाळेचा एखादा गट प्रश्न घेऊन आला, तर त्यास वेळ द्यावा. वैद्याने केवळ एक मोजता येणारा प्रश्न सुचवावा, सुरक्षिततेची मर्यादा आखून द्यावी व बाजूस व्हावे. उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी ते खोडू नये.

आमच्या काउंटरवरील ती बरणी आम्ही त्याच आठवड्यात काढली. आता तेथे ओवा व बडीशेप असते. काही जुने ग्राहक अजूनही विचारतात, सुपारी संपली काय? आम्ही त्यांस आधी तीन बोटे घालून दाखवावयास सांगतो.