वृद्धाश्रमातल्या आजी

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९९० साली ठरविला. त्या दिवशी बाईंनी आम्हांला तालुक्याच्या वृद्धाश्रमात नेले. तो लोकांच्या देणग्यांवर चालतो. आम्ही केळी नेली होती.

"इथं का आलात, असं विचारायचं नाही," बाईंनी बजावले होते. पण मी एका आजींना विचारलेच! त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "लेक कामात हाय रं. दिवाळीला येणार हाय." मला फार वाईट वाटले. मी त्यांचे गाव विचारले. मग विहीर, बैल, जोंधळ्याची रास, सगळे सांगत बसल्या. केळे तसेच हातात.

परतताना बाईंनी माहिती दिली. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांतसाहेबांकडे करायचा. म्हाताऱ्यांना टाकून देणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"मग आजी अर्ज का करत नाहीत?" मी विचारले.

"आपल्याच लेकाला साहेबापुढं उभं करायचं, हे आईला जमतं का?" बाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. आजींनी मला एकोणिसाचा पाढा म्हणून दाखवायला सांगितला आहे. तो मला अजून येत नाही.