सूर्य आणि त्याचे ग्रह

पंचांगात ग्रह नऊ सांगितले आहेत, व ज्योतिःशास्त्राच्या पुस्तकांत ते आठ असतात. संख्या जवळजवळ सारखी पाहून कित्येकांस वाटते की, शास्त्रज्ञांनी एक ग्रह गाळला इतकाच काय तो फरक. परंतु तसे नव्हे. दोन्ही याद्या शेजारी मांडल्या असता त्यांत पाचच नावे समान निघतात. ती बुध, शुक्र, मंगळ, गुरु व शनि. पंचांगातील बाकीच्या चारांविषयी प्रथम पाहू.

रवि म्हणजे सूर्य हा ग्रह नव्हेच. तो तारा आहे. रात्री दिसणाऱ्या ताऱ्यांच्याच जातीचा, केवळ जवळ असल्यामुळे मोठा दिसणारा. तो स्वतःच्या तेजाने प्रकाशतो. ग्रह त्याच्या उजेडाने दिसतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्यास उपग्रह म्हणतात. राहू व केतू हे तर पदार्थच नव्हेत. आकाशातील चंद्राची वाट सूर्याच्या वाटेस ज्या दोन ठिकाणी छेदते, त्या ठिकाणांची ती नावे होत. दोन पाणंदी जेथे मिळतात त्या जागेस आपण नाव देतो, पण म्हणून तेथे कोणी राहत असतो असे नाही. ग्रहणे ह्या ठिकाणांजवळच लागतात, यावरून राहू सूर्यास गिळतो अशी समजूत पडली. ग्रहण सावलीमुळे होते हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. तेव्हा ही काही परदेशाहून आलेली नवी विद्या नव्हे.

आता पंचांगाच्या यादीत नसलेला ग्रह कोणता? ज्यावर आपण उभे आहो तोच! पृथ्वी हा सूर्यापासून तिसरा ग्रह होय. मळणीच्या खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरतात, तसे सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात. मात्र बैल एका दाव्यास जोडलेले असल्यामुळे त्यांचा फेरा बरोबरच पुरा होतो; ग्रहांचे तसे नाही. जो सूर्याच्या जवळ त्याची वाट आखूड आणि चालही अधिक वेगाची. बुधाची प्रदक्षिणा ८८ दिवसांत होते, शुक्राची २२५, पृथ्वीची सुमारे ३६५¼ व मंगळाची ६८७ दिवसांत. गुरूस जवळजवळ १२ वर्षे लागतात, आणि शनीस साडेएकोणतीस.

अंतरे कोटींच्या आकड्यांत सांगितली तर ती मनात ठरत नाहीत. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, असे वाचून मुलांस काय बोध होणार? म्हणून शिक्षकांनी असे करावे. पृथ्वी म्हणून जोंधळ्याचा एक दाणा घ्यावा. मग सूर्यासाठी सुमारे हातभर रुंदीची टोपली लागेल, आणि ती दाण्यापासून सुमारे १०० हातांवर ठेवावी लागेल. चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, जोंधळ्यापासून अर्ध्या वितीवर. गुरु लिंबाएवढा, टोपलीपासून ५०० हातांहून थोडा पलीकडे. शनि त्याहून किंचित लहान, साधारण १००० हातांवर. मधली सारी जागा रिकामीच समजावी.

ह्या शनीविषयी थोडे अधिक लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण साडेसातीच्या भयाने कर्ज काढून शांती करणारी कुटुंबे आपल्या खेड्यांत आहेत. साडेसात हा आकडा कोठून आला? आकाशाच्या पट्ट्याचे १२ भाग कल्पून त्यांस राशी म्हणतात. शनि तो पट्टा साडेएकोणतीस वर्षांत फिरतो, म्हणून प्रत्येक राशीत सुमारे अडीच वर्षे दिसतो. आपली जन्मराशी, तिच्या मागची व पुढची, अशा तीन राशींचे मिळून साडेसात होतात. म्हणजे हा आकडा शनीच्या क्रोधाचा नसून चालीचा आहे. शिवाय, बारांपैकी तीन राशींस साडेसाती सदैव चालूच असते. तेव्हा कोणत्याही दिवशी गावातील सुमारे चौथा हिस्सा लोक तिच्यात असलेच पाहिजेत. त्या सर्वांचीच पिके बुडतात काय? खुद्द शनि मुख्यत्वे वायूंचा गोळा असून, त्याच्या आकाराच्या मानाने पाण्याहूनही हलका आहे. त्याभोवतीची कडी बर्फाच्या व खड्यांच्या असंख्य तुकड्यांची आहेत. लहानशा दुर्बिणीतूनही ती दिसतात, आणि पाहणारा हरखून जातो.

मंगळाचा तांबूस रंग हाही रागाचा नव्हे. तेथील मातीत गंजलेले लोखंड आहे.

शेवटचे दोन ग्रह पंचांगकर्त्यांस ठाऊक असणे शक्यच नव्हते, कारण ते दुर्बिणीनेच सापडले. युरेनस विल्यम हर्शेल यांस १७८१ साली दिसला. त्याची चाल गणिताप्रमाणे पडेना, तेव्हा पलीकडून त्यास कोणी ओढीत असावा असे मानून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्या अज्ञात ग्रहाची जागा कागदावर काढली, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गॅले यांनी तेथे दुर्बीण लावताच त्याच रात्री नेपच्यून सापडला. आमच्या टोपलीपासून हे बोराएवढे फळ सुमारे दीड किलोमीटरवर ठेवावे लागेल. त्यास एका प्रदक्षिणेस जवळजवळ १६५ वर्षे लागतात. सापडल्यानंतरची त्याची पहिली प्रदक्षिणा २०११ साली पुरी झाली.