रब्बी ज्वारीला पाणी द्या, कणीस दिसण्याआधी

सप्टेंबरच्या मध्यापासून पेरलेली रब्बी ज्वारी नोव्हेंबरात पोटरीकडे येऊ लागते. सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडच्या काळ्या रानांत अनेकांजवळ एखादेच पाणी राखलेले असते, आणि ते कणीस बाहेर पडल्यावर देण्याची सवय आहे. माझे आग्रहाचे सांगणे आहे, तितके थांबू नका. कणसात दाणे किती धरणार, याचा बराचसा निकाल पोटरीच्या आतच लागलेला असतो.

ज्वारीच्या पाना-मुळांतील पेशींत २० गुणसूत्रे असतात. मुळांची टोके, कोंबाचा शेंडा आणि कांड्यांचे बूड येथे पेशी सतत दुभंगतात. दुभंगण्यापूर्वी गुणसूत्रांची नक्कल होते आणि दोन्ही नव्या पेशींना २०-२० मिळतात. हे सूत्री विभाजन. ताटाची सारी वाढ त्यावर चालते. पहिला महिनाभर वाढीचा शेंडा जमिनीलगतच असतो, म्हणून खोडमाशीच्या अळीने तो खाल्ला की पोंगा मरतो आणि बुडातून फुटवे निघतात. साधारण २८ ते ३० दिवसांनी हाच शेंडा पाने काढायचे थांबवून कणसाची घडण सुरू करतो. शेतकरी त्याला गर्भावस्था म्हणतात.

पोटरीत मात्र वेगळेच विभाजन घडते. शेंड्याचे शेवटचे पान डोकावू लागते त्या सुमारास कोवळ्या परागकोशांतील पेशी लागोपाठ दोनदा विभागतात, पण गुणसूत्रांची नक्कल एकदाच होते. एका पेशीपासून चार परागकण होतात, प्रत्येकात १० गुणसूत्रे. हे अर्धगुणसूत्री विभाजन. बीजांडातही चार पेशी होतात, पण त्यांतली एकच टिकते. पुढे १० आणि १० जुळून २० गुणसूत्रांचा अंकुर तयार होतो. ज्या पिठाची आपण भाकरी थापतो, तो दाण्यातला भ्रूणपोष तर ३० गुणसूत्रांचा असतो. तिथे मादीकडून दोन वाटे येतात.

हे विभाजन फार नाजूक असते. त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला किंवा रात्री कडाक्याची थंडी पडली, तर पराग वांझ निघतात. कणीस बाहेरून चांगले दिसते, दाणे मात्र विरळ भरतात. मग कितीही पाणी दिले तरी वांझ पराग जिवंत होत नाहीत. पेरणी फार लांबली की पोटरी नेमकी थंडीत सापडते, म्हणून १५ ऑक्टोबरच्या पुढे पेरणी नेऊ नये. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षे टिकून आहे, त्यात तिच्या थंडी सोसण्याच्या गुणाचा मोठा वाटा आहे.

एकच पाणी असेल, तर ते ५० ते ५५ दिवसांनी द्या. दिवस मोजण्यापेक्षा शेंड्याच्या शेवटच्या पानावर नजर ठेवा. पोटरी पुरती फुगण्याची वाट पाहू नका. दोन पाणी असतील, तर पहिले गर्भावस्थेत आणि दुसरे पोटरीत. तिसरे मिळालेच, तर ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात. फुलोरा कणसाच्या टोकाकडून खाली उतरतो आणि परागीभवनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत भ्रूणपोषाच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यामुळे हेही पाणी वाया जात नाही. पाणीच नसेल, तर आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करून भेगा बुजवा. कोळपे खोल घालू नका, मुळे तुटतात.

आणखी एक. संकरित ज्वारीचे घरचे बी पेरू नका. अर्धगुणसूत्री विभाजनात आई-बापाकडचे गुण नव्याने वाटले जातात, त्यामुळे पुढच्या वर्षी ताटे उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी मिसळ निघतात. मालदांडीसारख्या सुधारित वाणाचे बी राखता येते. त्यासाठी बांधालगतची कणसे सोडून रानाच्या मधली, एकसारखी, भरीव कणसे काढणीपूर्वीच खूण करून ठेवा.