शेजाऱ्याच्या मोकळ्या कुत्र्यांचें भय

गांवापासून दूर मळ्यांत व वस्त्यांवर राहणाऱ्या माणसांच्या भेटीस ज्यांना पायीं किंवा सायकलवर जावें लागतें, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एक भय असतें. पण तें ते सहसा कोणास सांगत नाहींत. शाळामास्तर, दूध घालणारा गडी, औषधें घेऊन घरोघर हिंडणारी आशाताई, मंडळीचा सेवक, या सर्वांना तें ठाऊक आहे. बिबट्याचें भय सांगण्यास कोणी लाजत नाहीं. शेजाऱ्याच्या कुत्र्याचें भय सांगितलें तर लोक हंसतात. म्हणून आज या विषयाचा शांतपणें विचार करूं.

माझ्या ओळखीचा एक सेवक आहे. लोक त्याला मास्तर म्हणतात. दर मंगळवारीं त्याची जी फेरी असते, तिच्यांतील शेवटचें घर एका वृद्ध विधवेचें. तिच्या झोंपडीकडे जाणारी पाऊलवाट शेजारच्या मळ्याच्या बांधावरून जाते, आणि त्या मळ्यांत दोन कुत्रे, एक काळा व एक तांबडा, दिवसाढवळ्या मोकळे असतात. एके सायंकाळीं ते मास्तरावर धांवून आले. विजारीचा पाय फाटला. दांत कातडीला लागला नाहीं. पुढच्या मंगळवारीं मास्तराला कणकण होती. त्याच्या पुढच्या मंगळवारीं पाऊस होता. त्यानंतर तालुक्याला कांहीं काम निघालें. असे तीन महिने गेले. म्हातारी बांधावरून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "मास्तर आजारी हायेत का?" शेवटीं तो माझ्याकडे आला, आणि खालीं मान घालून त्यानें खरी गोष्ट सांगितली.

मी त्याला हंसलों नाहीं, कारण हंसण्याचा अधिकार मला नव्हता. मी नऊ वर्षांचा असतांना शेजारच्या कुत्र्यानें माझी पोटरी धरली होती. त्या काळीं पोटांत चौदा सुया टोंचीत असत. त्या सुयांचें दुःख मी केव्हांच विसरलों. परंतु पुढें वीस वर्षें दूर कोठें कुत्रा दिसला कीं माझे पाय आपोआप दुसऱ्या वाटेला वळत. "विश्वास आहे तर भय कशाला?" असें म्हणून अशा माणसाला लाजविणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांना बहुधा कुत्रा चावलेला नसतो.

येथें एक भेद नीट लक्षांत घ्यावा. धोका ही एक गोष्ट आहे आणि भीति ही दुसरी. धोका बाहेर, बांधावर असतो. त्याचा बंदोबस्त शेजाऱ्याला सांगून व स्वतः सावध राहून करावयाचा असतो. भीति आपल्या छातींत असते. कुत्रा बांधला तरी ती सुटत नाहीं, आणि तिचा उपाय निराळा आहे. पुष्कळ लोक एकाचा उपाय दुसऱ्यावर करूं पाहतात, आणि म्हणून दोहोंपैकीं एकही बरें होत नाहीं.

प्रथम धोक्याविषयीं. कुत्र्याचा धनी नेहमीं एक वाक्य बोलतो: "या, या, कांहीं करीत नाहीं तो." हें वाक्य खोटें नसतें, पण अपुरें असतें. धन्याला तो कांहीं करीत नाहीं हें खरेंच आहे. परंतु रात्रीं चोर ओळखावा म्हणून ज्या कुत्र्याला पाळलें, त्याला चोर आणि मास्तर यांतला भेद कोणीं शिकविला? जो आपल्या हद्दींत येतो, ज्याचा वास ओळखीचा नाहीं, तो त्याच्या दृष्टीनें परका. आणि परक्यावर धांवून जाणें हीच त्याची चाकरी आहे. त्याचा बहुतेक राग हद्दीपुरता असतो. आपण बांध ओलांडून गेलों कीं तो मागें फिरतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

म्हणून पहिला नियम हा कीं पळूं नये. पळणाऱ्याच्या मागें लागणें हा कुत्र्याचा जातिस्वभाव आहे, आणि कोणीही मनुष्य कुत्र्याहून वेगानें पळूं शकत नाहीं. उभें राहावें, हात खालीं सोडावे, अंग थोडें तिरपें करावें, आणि त्याच्या डोळ्याला डोळा न लावतां पण त्याला नजरेआड न करितां हळूहळू मागें सरावें. त्याच्याकडे एकदम पाठ फिरवूं नये. सायकल असेल तर तिजवरून उतरून ती दोघांच्या मध्यें धरावी. पिशवी, छत्री, जें हातीं असेल तें मध्यें धरावें, मारण्यासाठीं नव्हे, तर चावा घेण्यास आपल्या पोटरीऐवजीं दुसरें कांहीं मिळावें म्हणून. काठी बाळगावी, पण खालीं टेकलेली. उगारलेली काठी पुष्कळ वेळां भुंकणाऱ्याला चावणारा करिते. दगडासाठीं वांकल्यावर आपल्याकडचे कुत्रे बहुधा मागें हटतात हें खरें आहे. परंतु पिलें असलेली कुत्री व कोपऱ्यांत सांपडलेला कुत्रा हटत नाहींत, आणि वांकलेल्या माणसाचें तोंड त्यांच्या दातांजवळ असतें. खालीं पडलांच तर गुडघे पोटाशीं घ्यावे, मान व कान हातांनीं झांकावे आणि निश्चल पडून राहावें. मुलांना हें खेळासारखें करून शिकवावें. कारण तीं लहान असल्यामुळें चावा पुष्कळदां चेहऱ्यावर व मानेवर बसतो.

शेपूट हालतें म्हणजे कुत्रा खूष आहे, असा एक समज आहे. तो नेहमींच खरा नसतो. अंग ताठ, शेपूट वर व ताठ, पाठीवरचे केंस उभे, नजर रोखलेली, असा कुत्रा शेपूट हालवीत असला तरी त्याच्यापासून दूर राहावें. ज्याचें सारें अंगच शेपटाबरोबर सैल हालतें, तो निराळा. आणि खाणाऱ्या, निजलेल्या किंवा साखळीला बांधलेल्या कुत्र्याच्या जवळ अनोळखी माणसानें जाऊंच नये.

चावा बसलाच तर काय करावें, हें आधींच ठाऊक असलें म्हणजे अर्धें भय कमी होतें. जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून १५ मिनिटें धुवावी. पंधरा मिनिटें हा काळ वाटतो त्याहून लांब असतो, म्हणून घड्याळ पाहावें. हळद, चुना, मिरचीची पूड, तेल यांपैकीं कांहीं लावूं नये. मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवूं नये. त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. ओरखडा लहान आहे, कुत्रा शेजाऱ्याचाच आहे, असें म्हणून थांबूं नये. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. पण तीं दिसण्यापूर्वीं लस नीट घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं पॅरिस येथें कुत्र्यानें फाडलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस टोंचली, आणि तो मुलगा जगला. मला टोंचलेली जुनी लस भारतांत २००५ च्या सुमारास बंद झाली. आतांची लस दंडांत देतात. सरकारी दवाखान्यांत ती बहुधा कातडींत, पहिल्या मात्रेनंतर ३, ७ व २८ दिवसांनीं पुन्हां देतात. म्हणजे एकंदर चार वेळां जावें लागतें. जखमेंतून रक्त आलें असेल तर लशीबरोबर जखमेंत निराळें औषधही सोडावें लागतें. तें डॉक्टरांना विचारून घ्यावें. गरोदर स्त्रियांना व तान्ह्या मुलांनाही ही लस चालते. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याजवर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु तोंवर लस थांबवूं नये. शेवटची मात्रा चुकविणारे लोक फार. जखम भरली कीं त्यांना वाटतें काम झालें.

आतां भीतीविषयीं. भीतीचें एक चमत्कारिक लक्षण आहे: आपण तिच्यापासून जितकें दूर पळतों तितकी ती मोठी होते. मास्तरानें पहिला मंगळवार चुकविला तेव्हां त्याला हायसें वाटलें. तें हायसें वाटणें हेंच त्याचें नुकसान होतें, कारण मन असें शिकलें कीं, न गेलों म्हणून वांचलों. दुसऱ्या मंगळवारीं त्याला दुप्पट भय वाटलें. कुत्रे तेच होते, त्यांचे दांत तेवढेच होते.

यावर जो उपाय आहे तो फार वर्षांपूर्वीं न्यूयॉर्क येथें मेरी कव्हर जोन्स नांवाच्या बाईंनीं एका मुलावर करून पाहिला, आणि १९२४ सालीं त्याचें वर्णन छापलें. तीन वर्षांच्या आंतील त्या मुलाला सशाचें भारी भय वाटे. बाईंनीं त्याला दटावलें नाहीं, किंवा ससा त्याच्या अंगावरही टाकला नाहीं. मूल आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतला ससा खोलीच्या दूरच्या टोंकाला ठेवीत, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणीत. शेवटीं तें मूल त्याला कुरवाळूं लागलें. पुढें १९६७ सालीं आल्बर्ट बँडुरा व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्यांस भिणाऱ्या लहान मुलांना, दुसरें एक मूल कुत्र्याशीं निर्धास्त खेळतांना कांहीं वेळां दाखविलें. त्यांपैकीं पुष्कळ मुलें पुढें स्वतः कुत्र्याजवळ गेलीं. या दोन प्रयोगांत मला तरी नवें असें कांहीं दिसत नाहीं. बैलाला प्रथम गाडीला जुंपणारा प्रत्येक शेतकरी हेंच करितो. पण भ्यालेल्या माणसाला मात्र आपण एकदम पाण्यांत ढकलतों.

मास्तरानें असें केलें. पहिल्या दिवशीं तो बाभळीपर्यंत गेला, जेथून कुत्रे दिसतात पण येत नाहींत. तेथें तो छातींतली धडधड कमी होईपर्यंत उभा राहिला. ती कमी होण्यापूर्वीं परतावयाचें नाहीं, एवढाच नियम. वीस मिनिटें लागलीं. दुसऱ्या वेळीं दहा लागलीं. असे चार दिवस झाल्यावर तो पुढें विहिरीपर्यंत गेला. पण विहिरीच्या पुढें धन्यावांचून जाणें हें धैर्य नसून अविचार झाला असता, म्हणून येथें शेजाऱ्याशीं बोलण्याची वेळ आली.

या बोलण्याचीच मास्तराला कुत्र्यांहून अधिक भीति होती असें मला वाटतें. आमच्या गांवांतून कुत्र्यावरून उभीं राहिलेलीं भांडणें कांहीं थोडीं नाहींत. विजार फाटली त्या दिवशींच तो बोलावयास गेला असता तर रागानें बोलला असता. कांहीं लोक तर बोलतही नाहींत; भाकरींत विष घालून टाकतात. हा क्रूरपणा तर आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाप्रमाणें अपराधही आहे. उलट, ज्याच्या ताब्यांतील जनावरापासून माणसाला इजा होण्याचा संभव आहे व जो त्याची पुरेशी खबरदारी घेत नाहीं, त्यालाही २९१ व्या कलमाप्रमाणें सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कायदा ठाऊक असावा. पण शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून पहिल्याच वाक्यांत तो काढूं नये.

मास्तर सकाळीं, रिकाम्या वेळीं, मळ्याच्या रस्त्याकडील फाटकाशीं गेला व त्यानें बाहेरूनच हांक मारली. मालक बाहेर आला. मास्तर म्हणाला, "आबा, तुमचे कुत्रे मळा चांगला राखतात, त्याविषयीं माझें गाऱ्हाणें नाहीं. पण मला त्यांचें भय वाटतें, खरें सांगतों. मी मंगळवारीं पांचाच्या सुमारास येतों. तेवढा वेळ बांधाल का?"

आबा थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भ्या वाटत होतं तर आधी सांगायचं की, मास्तर. तुम्ही यायचं बंद केलंत, मला वाटलं आमच्यावर रुसलात."

तीन महिने एक माणूस भीत होता आणि दुसऱ्याला तो राग वाटत होता!

आबानें त्याच दिवशीं काळ्याचा पट्टा धरून त्याला जवळ आणलें. मास्तर तिरपा उभा राहिला, हात पुढें केला नाहीं; काळ्यानें त्याच्या चपला हुंगल्या, पिशवी हुंगली, आणि तो बाजूला जाऊन बसला. तांबडा मात्र गुरगुरत राहिला, म्हणून त्याला त्या दिवशीं कोणीं जवळ आणिलें नाहीं. कुत्र्यांना लस दिली आहे काय, असें मास्तरानें विचारलें, दिली नव्हती. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं ही लस द्यावयाची असते व पुढें दरवर्षीं. पुढच्या आठवड्यांत आबानें दोघांनाही जनावरांच्या दवाखान्यांत नेलें. चोवीस तास साखळींत ठेवा असें मास्तरानें म्हटलें नाहीं, तें बरें केलें. सदा बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. लोक ज्या वेळीं ये-जा करितात तेवढ्या वेळीं बांधावा, आणि रात्रीं राखणीसाठीं कुंपणाच्या आंत सोडावा.

आतां मास्तर दर मंगळवारीं बाभळीपाशीं थांबतो आणि हांक मारितो. आबा "या" म्हणाला कीं पुढें जातो. आबा घरीं नसेल व तांबडा मोकळा असेल तर तो परत फिरतो, आणि बुधवारीं येतो. म्हातारीला हें सांगून ठेवलें आहे. मंगळवारीं अंधार पडूं लागला कीं ती आतां कोणास विचारीत नाहीं, दिवा लावून दार लोटून घेते.